छत्रीवालीची उलटी घडी

छत्रीवाली हरवल्याचं मला कळलं तो शुक्रवार होता. आणि त्याच दिवशी सकाळी मी माझ्या मुलीला, वल्लरीला, फोनवर छाती ठोकून सांगितलं होतं, "तुझ्या आईच्या पेटीतला एक धागासुद्धा इकडचा तिकडे झालेला नाही. बापावर विश्वास ठेव!"

वल्लरी "हं" म्हणाली. हे "हं" तिनं तिच्या आईकडून घेतलं आहे. त्यात विश्वास सोडून बाकी सगळं असतं.

आधी ओळख करून देतो. मी पुरुषोत्तम. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नट-बोल्ट तपासण्यात माझी उभी हयात गेली. केसाएवढा फरक दिसला तरी मी माल परत पाठवत असे. कारखान्यात मला सगळे टरकून असायचे. राहायला मत्तीकेरेत. आमचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आले, त्यामुळे आमचं मराठी इकडच्याच पाण्यावर वाढलं. सुनंदा, माझी बायको, पुण्याची. लग्नानंतर वर्षभर ती माझं बोलणं दुरुस्त करत होती. मग एक दिवस तीच भाजीवाल्याला सोडून मला म्हणाली, "स्वल्प थांबा हो!" आमचं कानडी वळणाचं "स्वल्प" तिच्या तोंडी ऐकून त्या दिवशी मी पेढे आणले होते.

सुनंदा गेल्या श्रावणात गेली.

तिला जुन्या छापील कापडांचा नाद होता. साड्या नव्हेत! साड्यांचं कौतुक कुणीही करतं. हिला घरातली कापडं लागायची. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, रेडिओवर घालायचे रुमाल. तेही पन्नास-साठच्या दशकातले. लोक ज्यानं फरशी पुसतात ते ही मागून आणायची. एकदा एका लग्नात ऐन पंगतीतून उठून ती आचाऱ्याकडे गेली आणि त्याच्या खांद्यावरचं फडकं हातात धरून बघत बसली. आचाऱ्याला वाटलं, भाजी खारट झाली! तो बिचारा तिच्यापुढे हात जोडून उभा, आणि ही म्हणते, "अहो, ही छापातली किटली बघा! हा तर नक्की पडदा होता!"

कापड हातात आलं की ती आधी उलटं करून बघायची. ठशाचं छापकाम असेल तर जोड दिसतो, रोलरचं असेल तर रेघ बारीक येते, स्क्रीनचं असेल तर रंग सपाट बसतो, असं ती मला सांगायची आणि मी पेपर वाचत "बरोबर" म्हणायचो. नाव हवं असेल तर किनार बघायची. गिरण्या किनारीवर आपलं नाव छापत. नाव सापडलं की सुनंदा एक छोटी चिंधी घेऊन त्यावर गिरणी आणि साल लिहायची आणि ती कापडाच्या कोपऱ्याला टाचायची. पेटीतल्या प्रत्येक कापडाला अशी चिंधी होती.

फक्त एकाला नव्हती. छत्रीवालीला.

ही तिच्या आईच्या रुखवतातली चादर. मोरपंखी पाण्यात पिवळी होडी, होडीत एक बाई, बाईच्या हातात लाल छत्री. अशा ओळीनं होड्याच होड्या. छत्रीचा लाल रंग रेघ सोडून जरा उजवीकडे सरकलेला, त्यामुळे सगळ्या बायका छत्री असून भिजताहेत असं वाटायचं. सुनंदाला तेच आवडायचं. पण गिरणीचं नाव काही सापडेना, कारण तिच्या आईनं त्या चादरीची किनार फाडून परकरांच्या नाड्या केल्या होत्या! सुनंदानं आईला सगळं माफ केलं, त्या नाड्या नाही.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत ती म्हणाली, "तेवढ्या छत्रीवालीचं राहिलं हो."

मी म्हणालो, "मी लावतो छडा."

"तुम्हाला पडदा कुठला न् चादर कुठली हे कळत नाही."

"शिकेन की."

"हं," ती म्हणाली.

म्हणून मी ठरवलं. भिंग आणलं. पुस्तकं आणली. आणि वल्लरीनं तिची मैत्रीण संहिता हिला गाठलं. ती इथल्या एका डिझाइन कॉलेजात जुनी कापडं शिकवते. संहिता रविवारी पेटी बघायला येणार होती, आणि मुख्य म्हणजे छत्रीवाली बघायला.

आता पाहुणी येणार म्हटल्यावर चुरगळलेला माल तपासणीला ठेवायचा? हे माझ्या रक्तात नाही! सुनंदानं कोळशाची इस्त्री त्या कापडांच्या आसपास कधी फिरकू दिली नव्हती, पण मी म्हटलं, हलक्या हातानं करून घेऊ. मंगळवारी पेटी उघडली. सगळ्यात वर एक विटकी करडी चादर. किनार फाटकी. मी एका नजरेत निकाल दिला. हे झाकण! ते उलगडायच्या भानगडीत न पडता, दुहेरी होतं तसंच पसरून बाकीची कापडं त्या झाकणात घातली, चारी टोकांची गाठ मारली आणि बोचकं शिवकुमारच्या हवाली केलं. शिवकुमारची इस्त्रीची गाडी आमच्या कोपऱ्यावर करंजाच्या झाडाखाली असते.

"सर, चादर परत पाहिजे?" त्यानं विचारलं. तो कानडीत बोलतो, मी तुम्हाला मराठीत सांगतोय.

"छे! ठेवून घे. फडकं आहे ते."

आमच्या गल्लीत इस्त्रीच्या चादरींचा एक रिवाज आहे. गेलेली चादर परत येत नाही. तुमचे कपडे दुसऱ्या कुणाच्या चादरीत बांधून येतात आणि तुमची चादर तिसऱ्याच्या घरी जाते. वर्षभरात गल्लीतली प्रत्येक चादर प्रत्येक घरी मुक्काम करून येते. कुणी तक्रार करत नाही, कारण इस्त्रीला बरी चादर कुणीच देत नाही.

बुधवारी बोचकं आलं. गॉगल घातलेल्या मांजरांच्या चादरीत बांधलेलं. मी ते शुक्रवारी दुपारी सोडलं. एकेक कापड काढतोय, चिंधी वाचतोय, बाजूला ठेवतोय. किटल्यांचा पडदा आला. पोपटांचा टेबलक्लॉथ आला. बोचकं संपलं. छत्रीवाली नाही!

पेटी पालथी केली. गादीखाली बघितलं. माळ्यावर बघितलं. सिलिंडरच्या मागं बघितलं. चादर सिलिंडरच्या मागं कशाला जाईल? पण माणूस घाबरला की सिलिंडरच्या मागं बघतोच. तेवढ्यात वल्लरीचा फोन.

"बाबा, एक राहिलं सांगायचं. छत्रीवाली जपून उलगडा. आई तिची उलटी घडी घालायची. रंग उडू नये म्हणून छाप आत आणि पाठ बाहेर. वरून नुसती करडी दिसते."

"माहीत आहे मला," मी म्हणालो.

"आवाज असा का येतोय तुमचा?"

"पेटीवर बसलोय."

"पेटीवर का?"

"खुर्ची लांब आहे."

"हं," वल्लरी म्हणाली.

जो माणूस केसाएवढा फरक पकडायचा, त्यानं बायकोची अख्खी चादर फडकं म्हणून देऊन टाकली होती! पण मी हातपाय गाळणारा नव्हे. वल्लरी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, होसकोटेच्या बाजूला राहते, म्हणजे ट्रॅफिक धरला तर ती पुण्यात राहिल्यासारखीच आहे. ती रविवारच्या आत काही येत नाही. तोवर चादर परत पेटीत.

शनिवारी सकाळी मी शिवकुमारच्या गाडीशी हजर. तो इस्त्रीत निखारे भरत होता. मी टेबलावर कोपर टेकून, पोलिसासारखा सुरू झालो.

"शिवकुमार, मी दिलेली करडी चादर कुठं आहे?"

"तुम्ही ठेवून घे म्हणालात सर."

"ते सोड. कुठं आहे?"

"ऋतुराजच्या शर्टांबरोबर गेली."

ऋतुराज म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचा नागपूरचा मुलगा. कुठल्याशा कंपनीत संगणकावर असतो. मी जिना चढलो. दार उघडंच होतं. कानाला यंत्र लावून तो हवेशी बोलत होता. मला बघून त्यानं यंत्र काढलं.

"काका, काय झालं? एनी इमर्जन्सी?"

"माझी चादर!"

"कोणती?"

"करडी! इस्त्रीच्या कपड्यांबरोबर आलेली!"

"अरे हो! काका, आतून काय भारी प्रिंट आहे तिचा! एकदम व्हिंटेज! मी दोन दिवस बाइकवर टाकली होती."

"बाइकवर?"

"कबुतरं हो, काका. फार घाण करून राहिलीत. पण करडी साइडच वर ठेवली, टेन्शन घेऊ नका."

मी जिन्याचा कठडा धरला. सुनंदाच्या आईच्या रुखवतावर कबुतरं!

"आता कुठं आहे ती?"

"कालच रिटर्न केली ना. धुवून, शर्टांसोबत. शिवकुमारकडे."

मी परत गाडीशी. परत त्याच टेबलावर कोपर. पण आता मी शहाणा झालो होतो. मी म्हटलं, याला करडी करडी करून उपयोग नाही, खरं रूप सांगितलं पाहिजे.

"शिवकुमार, नीट ऐक. होडी. होडीत बाई. बाईच्या हातात लाल छत्री. अशी चादर बघितलीस?"

त्याचा चेहरा उजळला. "बघितली की! मागच्या गल्लीत, कावेरी अक्कांच्या दोरीवर वाळतेय. आत्ताच कपडे आणताना बघितली."

"मग मघाशी का नाही सांगितलंस?"

"मघाशी तुम्ही करडी विचारलीत सर!"

मी पळालो. माझ्या वयाचा माणूस पळतो तेव्हा ते चालण्यासारखंच दिसतं, पण मी पळत होतो. मागच्या गल्लीत पोचलो तर खरंच! कावेरी अक्कांच्या अंगणात दोरीवर छत्रीवाली! मोरपंखी, पिवळी, लाल, उन्हात झगझगत होती. मला एकदम वाटलं, सुनंदा आतून येईल आणि म्हणेल, "हात पुसलेत का?"

फाटकाची कडी वाजवली. कुणी आलं नाही. हाक मारली. कुणी आलं नाही. आता एखाद्या शहाण्या माणसानं काय केलं असतं? थांबला असता. मी फाटक ढकललं, आत गेलो, चिमटे काढले आणि चादर ओढली. ती ओलीचिंब होती! डोक्यावरून खाली आली आणि मी आतल्या आत गुरफटलो. होड्यांच्या पलीकडून मला फक्त आवाज ऐकू आला, "कळ्ळ! कळ्ळ! चोर! चोर रे चोर!"

कावेरी अक्का आमच्यातल्याच, जुन्या घराण्यातल्या. वय ऐंशीच्या पुढं, आवाज विशीतला. हातात केरसुणी.

"अक्का, मी! मी पुरुषोत्तम!"

"पुरुषोत्तमा? तू? दोरीवरचे कपडे चोरतोस? तुला पेन्शन नाही काय रे?"

"अक्का, ही माझी चादर आहे!"

"तुझी? माझ्या आईची चादर ही! तुझी कुठून झाली?"

तोवर गल्ली जमली होती. शिवकुमार गाडी सोडून आला. ऋतुराज यंत्र कानात घालूनच आला. अंगाला ओली चादर गुंडाळलेला मी मध्ये, आणि समोर केरसुणी!

पण मी माघार घेतली नाही. म्हटलं, आपण तपासणीतला माणूस, पुराव्यानं बोलू. "अक्का, माझ्या चादरीच्या तीन खुणा आहेत," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "तिची किनार फाडलेली आहे. कोपऱ्यात माझ्या बायकोनं पिवळ्या दोऱ्यानं केलेलं रफू आहे. आणि छत्र्यांचा लाल रंग उजवीकडे सरकलेला आहे. धर रे, शिवकुमार, ते टोक!"

आम्ही चादर पसरली. मी वाकून बघितलं.

छत्र्यांचा रंग रेघेच्या आत, चोख.

कोपऱ्यात रफू नाही.

आणि किनार? किनार होती! आत दुमडून, बारीक हातशिलाईनं शिवलेली.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी एकदम ओरडलो, "ही माझी नाही! अक्का, ही माझी नाही!" आणि आनंदानं शिवकुमारला मिठीच मारली!

तुम्हीच सांगा, लोकांनी काय समजावं? भरदिवसा पकडलेला चोर, माल आपला नाही म्हणून नाचतोय! एक बाई म्हणाली, "पाप, बिचारा! बायको गेल्यापासून..." आणि पुढचं कुजबुजली. पण मला काय त्याचं! किनार होती म्हणजे तिच्यावर नाव होतं. सुनंदा ज्या नावासाठी चिकपेटेतल्या जुन्या दुकानांपासून म्हैसूरच्या भंगारवाल्यांपर्यंत हिंडली, ते मागच्या गल्लीत शिवणीच्या आत होतं!

"अक्का, ही कधी घेतली?"

"आईची रे. माझ्या बाळंतपणात दिली तिनं. वर्षभर पेटीत असते, एक दिवस धुवून उन्हात घालते." मग त्यांनी केरसुणी खाली केली. "तुझी बायको जाता-येता माझ्या दोरीकडे बघत उभी राहायची. मला वाटायचं, हिला माझ्या लुगड्यांत काय दिसतंय!"

एक दिवस. तेवढा एक दिवस जुळला नाही.

मी खिशातून नेलकटर काढला. "अक्का, चार बोटं शिवण उसवतो. नाव वाचतो. परत शिवून देतो."

केरसुणी पुन्हा वर गेली. "हात लावशील तर बघ! आईच्या हातचे टाके आहेत ते!"

"पण अक्का—"

"सरी, सरी, पुरे झालं! घरी जा!"

आणि त्याच वेळी शिवकुमारला कंठ फुटला. "पण सर, मग तुमची करडी तर माझ्याकडेच आहे!"

"कुठं?"

"टेबलावर! काल ऋतुराज सरांकडून आली, म्हटलं बरी जाड आहे, इस्त्रीखाली घातली. सकाळी तुम्ही पोलिसासारखं विचारलंत, घाबरून विसरूनच गेलो! तुम्ही सकाळी दोनदा तिच्यावरच कोपर टेकून उभे होतात!"

सगळी वरात गाडीकडे निघाली. शिवकुमारनं कपडे उचलले, करडी चादर ओढली आणि उलटी केली. होड्या, बायका, छत्र्या, उजवीकडे सरकलेला लाल रंग. पिवळं रफू. आणि मधोमध एका होडीवर इस्त्रीचा तपकिरी डाग. नेमका त्रिकोणी. त्या होडीला जणू शीडच लागलं होतं!

"सर, तुम्ही फडकं म्हणालात..." शिवकुमार रडकुंडीला आला होता.

"मीच म्हणालो," मी म्हणालो. त्याला काय बोलणार?

रविवारी वल्लरी आणि संहिता आल्या. मी सगळं सांगून टाकलं. वल्लरीनं डागावर हात फिरवला आणि मला वाटलं, आता मला आईच्या वाटणीचंसुद्धा ऐकावं लागणार. पण ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. "बाबा, आईला हे सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "तिनं त्यावरसुद्धा चिंधी टाचली असती. इस्त्री, मत्तीकेरे."

कावेरी अक्कासुद्धा आल्या. मी सकाळीच जाऊन त्यांचे पाय धरले होते. चादर बगलेत घट्ट धरून त्या आल्या, सगळ्यांत चांगल्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बघायला देईन. उसवायला नाही. आणि कॉफी जरा स्ट्राँग कर."

दोन्ही चादरी शेजारी शेजारी पसरल्या. संहिता त्यांच्यावर अशी ओणवी झाली की मला क्षणभर बघवेना. सुनंदा अशीच बसायची. "एकाच स्क्रीनवरून छापल्यात दोन्ही," संहिता म्हणाली. "काकूंची छापताना लाल रंगाची चौकट सरकली. ही नीट बसली. गिरणीचं नाव मिळालं की बाकी मी शोधून काढते."

मग शिवणीखाली मोबाइलचा दिवा धरला. सगळ्यांनी डोकी घातली. कापडाचे तीन पदर, त्यात टाके, त्यामागं पुसट इंग्रजी अक्षरं.

"दिसतंय!" मी ओरडलो. "मला स्पष्ट दिसतंय!"

"काय, बाबा?"

"मिल्स लिमिटेड!"

"हो," संहिता म्हणाली. "ते सगळ्यांच्याच किनारीवर असतं, काका."

त्याच्या आधीचं काही दिसेना. तिथं अक्कांच्या आईनं टाके दुहेरी घातले होते. संहितानं फार गोड आवाजात विचारलं, की चार बोटं उसवून ती स्वतः तसेच टाके घालून देईल, चालेल का? अक्का तिच्याशी बोलल्याच नाहीत. त्यांनी आमच्या चादरीचा कोपरा उचलला आणि पिवळं रफू माझ्या पुढ्यात धरलं.

"हे सुनंदाचं ना?"

"हो."

"ही म्हणते की उसवून तसंच करून देईन. देशील?"

मी रफूकडे बघितलं. सुनंदाला रफू कधी धड जमलं नाही. एक टाका लांब, एक आखूड, शेवटची गाठ चक्क वरच्या बाजूला. कारखान्यात मी असा माल परत पाठवला असता.

"नाही," मी म्हणालो.

"मग?" अक्का म्हणाल्या आणि चकली उचलली.

मी हार मानलेली नाही, हे नीट ध्यानात घ्या! दर शनिवारी मी अक्कांकडे कॉफीची ताजी पूड घेऊन जातो. त्या पूड ठेवून घेतात, बसायला सांगतात आणि चादरीचा विषय निघाला की त्यांना ऐकू येईनासं होतं. शिवकुमारला मी नवी जाड चादर दिली आहे, ती आता ऋतुराजच्या बाइकवर असते. आमची छत्रीवाली पेटीत आहे, उलटी घडी घालून, आणि वर जाड अक्षरात मी लिहून ठेवलं आहे, "हे फडकं नाही."

तिच्या कोपऱ्याला कोरी चिंधी टाचली आहे. गिरणीचं नाव अजून लिहायचं आहे.